घरगुती प्रोजेक्टरसाठी आरसा कुठे मिळेल? (चित्राला भूत लागलंय)

गिरगावचा_उद्योगी

मंडळी, सात इंची एलसीडी पॅनलचा बॅकलाइट काढून घरीच प्रोजेक्टर जमवतोय. १०० वॉटचा एलईडी, त्याला गार ठेवायला हीटसिंक आणि पंखा, उजेड एकवटायला दोन फ्रेनेल (चपट्या लेन्स), पुढे ८० मिमी व्यासाची, २२० मिमी फोकल लेंग्थची लेन्स. पॅनल १५४ बाय ८६ मिमी, रिझोल्यूशन १०२४ बाय ६००. सगळं टेबलावर सरळ रेषेत मांडलं की नऊ फुटांवरच्या भिंतीवर ८० इंची चित्र पडतं. सबटायटल आरामात वाचता येतात.

अडचण जागेची. खोली चाळीतली, प्रोजेक्टर ठेवायचा माळ्यावर. आईच्या गाद्या, पितळेचे टोप आणि गणपतीचं मखर यांच्याशी वाटाघाटी करून मला सतरा इंच मिळालेत. पेटी होतेय एकवीस इंचांची. म्हणून पॅनल आणि लेन्सच्या मध्ये ४५ अंशांत आरसा घालून पेटी काटकोनात वळवली. कोपऱ्यावरच्या काचवाल्याकडून ३ मिमीचा आरसा कापून घेतला होता. आता प्रत्येक अक्षराचं फिकट जुळं भावंड इंचभर बाजूला दिसतंय.

वाचल्यावर कळलं की पारा काचेच्या मागे नाही, पुढे असलेला आरसा लागतो, फर्स्ट सरफेस म्हणतात तो. लॅमिंग्टन रोडला, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, विचारलं तर दुकानदार माझ्याकडेच बघत बसले. मुंबईत हा मिळतो कुठे? तळहाताएवढा तुकडा पुरेल.

डोंबिवली_फास्ट_लोकल

अॅक्रिलिकचा आरसा लाव की. हलका असतो, घरी कटरने कापता येतो, फुटायची भीती नाही.

झेरॉक्सकाका

अॅक्रिलिक नको रे बाबांनो. त्यालाही पारा मागूनच असतो, आणि वर ते वाकतं. भिंतीवरची सरळ रेघ नागमोडी दिसेल.

धागाकर्त्या, फोर्टात कोर्टाच्या आसपासच्या गल्ल्यांमध्ये झेरॉक्स मशीनं दुरुस्त करण्यात माझं नोकरीचं आयुष्य गेलं, त्यामुळे आरशांशी जुनी ओळख आहे. वयाने मोठा असणार म्हणून अरे-तुरे करतो. आरसा कुठे मिळेल ते सांगतोच, पण आधी तो पेटीत कुठे बसणार ते बघ. माझ्या मते तुला हा महागडा आरसा लागतच नाही.

साध्या आरशात बहुतेक प्रकाश मागच्या पाऱ्यावरून परततो, पण पाचेक टक्के काचेच्या पुढच्या पृष्ठभागावरूनच उडतो. ४५ अंशांत ही दोन प्रतिबिंबं काचेच्या जाडीच्या साधारण पाऊणपट अंतराने सरकतात. तुझी काच ३ मिमी, म्हणजे सरक सव्वादोन मिमी. आता १५४ मिमीच्या पॅनलचं तू १७७० मिमी रुंद चित्र करतोयस, म्हणजे साडेअकरा पट. आरसा लेन्सच्या आधी असल्यामुळे ती सरकही साडेअकरा पट मोठी होते. सव्वादोन गुणिले साडेअकरा, झाला तुझा इंच.

हाच आरसा लेन्सच्या पुढे, म्हणजे पेटीच्या बाहेर ठेवलास तर सरक मोठी होत नाही, भिंतीवरही सव्वादोन मिमीच राहते. तुझा एक पिक्सेल भिंतीवर पावणेदोन मिमीचा आहे. २ मिमीची काच घेतलीस तर सरक दीड मिमी, एका पिक्सेलच्या आत. नऊ फुटांवरून कोणाला दिसणार? फक्त आरसा मोठा लागतो, कारण लेन्सच्या पुढे झोत पसरत जातो. लेन्सपासून तीन-सव्वातीन इंचांवर आरशाचा मध्य धरलास तर नऊ बाय सहा इंच घे. एका आरशाने चित्र उलटं होतं, डावं उजवीकडे. पॅनल पाठपोट फिरवून बसव, नाहीतर पॅनल चालवणाऱ्या ड्रायव्हर बोर्डाच्या मेनूत मिरर असेल तर तिथून सरळ कर.

मी असतो तर तिसरी जागा निवडली असती, एलईडी आणि पहिल्या फ्रेनेलच्या मध्ये. तिथून नुसता उजेड जातो, चित्र पॅनलनंतर तयार होतं. दिव्याला भूत लागलं तरी चित्राला पत्ता लागत नाही. हीटसिंक आणि पंखा बाजूला वळले की साधारण साडेचार इंच वाचतील. सतरा इंचांत पेटी बसते, पॅनल ते लेन्स सरळच राहतं आणि चित्र उलटायचा प्रश्न येत नाही. काचवाल्याचा तोच आरसा कापून वापर. थोडा उजेड खाईल आणि तापेल, म्हणून कडेने हवा खेळती ठेव. मागचा रंग पोपडे धरायला लागला की बदलायचा, आहे काय त्यात.

तरीही मूळ जागीच हवा असेल तर माप असं. झोत पॅनलकडून लेन्सकडे निमुळता होत जातो, त्यामुळे मध्यावर साधारण ११७ बाय ८३ मिमी. ज्या दिशेला आरसा कलतो त्या दिशेला १.४ पट धर, वर थोडी मोकळीक. साडेपाच बाय साडेपाच इंच झाला. झेरॉक्स मशीनच्या आरशांवर लोक उड्या मारतात, पण ते हातभर लांब आणि दोन बोटं रुंद पट्ट्या असतात. स्कॅनरचे त्याहून अरुंद. तुझ्या कामाचे नाहीत.

कामाचा म्हणजे जुन्या ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या डोक्यावरचा आरसा. कॉलेजांनी ते भंगारात काढले, चोरबाजारात मटण स्ट्रीटला किंवा कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडे फिरताना एखादा दिसेल. चांगल्यांत पारा पुढे असतो, स्वस्तात नसतो, आणि मापही टेपने बघून घे. दुसरं म्हणजे मागून प्रोजेक्शन होणारे कपाटाएवढे जुने टीव्ही. त्यात भला मोठा आरसा निघतो, पण काहींत काचेऐवजी ताणलेली फिल्म असते, ती घेऊ नकोस. काच निघाली तर पाऱ्याची बाजू मऊ कागदावर पालथी घाल आणि चीर नेहमी उघड्या काचेच्या बाजूने मार.

दुकानात ओळखायचं कसं? कागदाचा कोपरा आरशाला अलगद टेकव. कोपरा आणि त्याचं प्रतिबिंब एकमेकांना भिडले तर पारा पुढे. मध्ये फट दिसली तर साधा आरसा, दुकानदार काहीही सांगो. नख टेकवू नकोस, ओरखडा गेला की गेला.

ठाण्याचा_दुर्बीणवाला

काकांच्या गणिताला +१. दुर्बिणीचे आरसे आम्ही हौशी लोक घासतो, त्या अनुभवावरून थोडी भर.

पुढून मुलामा दिलेल्या आरशावर हल्ली अॅल्युमिनियम असतं, निर्वात पेटीत बाष्प करून चढवलेलं. साधारण ८८ ते ९० टक्के प्रकाश परत देतं. पूर्वी दुर्बिणींना चांदी लावत. ती जास्त चकचकीत, पण काळी पडते. अमेरिकेतल्या माउंट विल्सन वेधशाळेच्या १०० इंची दुर्बिणीलाही १९३५ मध्ये अॅल्युमिनियम चढवलं. तेव्हा कोणी "घरीच चांदी चढव" म्हणालं तर मोहात पडू नका. आपल्या दमट, खाऱ्या हवेत ती हौस टिकत नाही.

भंगारातून आरसा मिळालाच तर पुसू नका. काच पुसायचा निळा स्प्रे आणि जुना बनियन, या जोडीने मी चांगले आरसे मेलेले पाहिलेत. आधी रबरी फुग्याने धूळ उडवा. नाहीच भागलं तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांड्यांच्या साबणाचा थेंब घालून कापूस दाब न देता एकाच दिशेने ओढा आणि परत डिस्टिल्ड वॉटरनेच धुवा. पावसाळ्यात पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा.

आरसा कुठेही बसवा, पण चारी बाजूंनी पट्ट्या ठोकून आवळू नका. पाठीमागे सिलिकॉनचे तीन ठिपके पुरतात. आधाराला तीन स्क्रू द्या म्हणजे कोन जुळवता येईल. आरसा एक अंश कलला की किरण दोन अंश वळतो. आरसा लेन्सच्या पुढे असेल तर नऊ फुटांवर चित्र जवळजवळ चार इंच सरकेल.

गिरगावचा_उद्योगी

काका, दिव्याच्या बाजूला वळवायचं डोक्यातच आलं नव्हतं. पुठ्ठ्याची पेटी करून बघितलं. भूत गायब, पेटी साडेसोळा इंच. फक्त चित्राचा उजवा कोपरा थोडा काळवंडलाय. आरसा लहान पडतोय का?

झेरॉक्सकाका

आरशाआधी एलईडी बघ. लेन्स काढ आणि तिच्या जागी कोरा कागद धर. एलईडीचा उजेडाचा ठिपका कागदाच्या मधोमध पडायला हवा. बाजूला पडत असेल तर आरशाचा कोन चुकलाय, स्क्रूने आण मध्यावर. ठिपका मध्यावर असूनही कोपरा काळाच राहिला तर झोत आरशाच्या कडेला कापला जातोय, मग अर्धा इंच मोठा काप. आणि कापतोच आहेस तर कडा घासून घे काचवाल्याकडून, माळ्यावर अंधारात हात घालणार आहेस.