डेन्मार्कमध्ये रुळताना : आपापले अनुभव लिहा

डेन्मार्कला यायचं ठरलं की ओळखीपाळखीतून हमखास तीन प्रश्न येतात: थंडी किती, घरभाडं किती आणि तूरडाळ मिळते का. थंडीचे कपडे मिळतात, तूरडाळ मिळते, कोपनहेगनच्या भाड्याबद्दल न बोललेलंच बरं. पण नोकरी आणि घर मिळाल्यावर जे रोजचं जगणं सुरू होतं, शेजारी, पाळणाघर, सणवार, वाढदिवस, डॉक्टर, त्याबद्दल कोणी फारसं लिहीत नाही. ते इथे लिहू या. व्हिसा आणि कर यांना या धाग्यात मज्जाव. सुरुवात मीच करते.

कोपनहेगन

कागदपत्रांचं काम इथे बिनबोभाट होतं. आधी सीपीआर नंबर, म्हणजे सरकारी नोंदणीतला आपला ओळख क्रमांक, काढायचा: दहा आकडी, त्यातले पहिले सहा म्हणजे तुमची जन्मतारीख. मग पिवळं आरोग्यकार्ड पोस्टाने घरी येतं, त्यावर तुमच्या डॉक्टरचं नाव-पत्ता छापलेला. मग फोनवरचं मिटआयडी. बँक, महापालिका, दवाखाना, सगळीकडे ओळख पटवायला तेच. सरकारी पत्रं डिजिटल पोस्टमध्ये येतात, डॅनिशमध्ये येतात आणि तिथे आलं म्हणजे तुम्हाला मिळालं असंच धरलं जातं. तो डबा उघडून बघायची सवय पहिल्या दिवसापासून लावा.

हे सगळं झालं की वाटतं, झालो आपण इथले. मग शनिवार उजाडतो आणि कोणाचाच फोन येत नाही. माणसं तुसडी नाहीत हो, पण त्यांचे शनिवार महिना-महिना आधी ठरलेले असतात. "सहज आलो होतो" हा प्रकार नाही. माझं असं मत झालंय की इथे आमंत्रणाची वाट बघत बसू नये. जिथे पाळीची यादी लावलेली दिसेल तिथे आपलं नाव लिहावं.

माझी पहिली यादी ऑफिसातली. शुक्रवारी सकाळी सगळे मिळून नाश्ता करतात आणि ज्याची पाळी त्याने पाव आणायचा. बेकरीत नंबराची चिठ्ठी घेऊन उभं राहायचं, खसखस लावलेले गोल पाव, चीज, लोणी, जॅम घेऊन नऊच्या आत पोचायचं. माझ्या पाळीला मी पावांसोबत कांदेपोहे नेले. अकाउंट्समधल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याने ते थोडा वेळ निरखले, अर्ध्या पावाला जाडसर लोणी फासलं, त्यावर पोहे पसरले आणि शांतपणे खाल्ले. पुढच्या वेळी पोहे आहेत का हे त्यांनीच विचारलं. पद्धत तीच, पावावरून.

आरहूस

मुलगी दहा महिन्यांची असताना पाळणाघरात घातली. नेमकी तेव्हाच आई साताऱ्याहून आलेली. पहिल्या दिवशी ती सोबत आली आणि अंगणातल्या पत्र्याच्या शेडखाली ओळीने लावलेल्या बाबागाड्या तिला दिसल्या. आत बाळं झोपलेली. महिना नोव्हेंबर, तापमान चार अंश. आईने माझ्याकडे असं काही पाहिलं की मी पोलिसात जायला हवं होतं.

इथे ही अगदी जुनी, रुळलेली पद्धत आहे. बाळ लोकरीच्या कपड्यांत, पिसांच्या दुलईत, अंगाला गाडीचा पट्टा, आणि शिक्षिका दर थोड्या वेळाने येऊन मानेमागे दोन बोटं घालून बघते. मान उबदार असेल तर सगळं ठीक. हात गार असले तरी चालतात. आईचं समाधान त्या दोन बोटांनी झालं, कारण ती स्वतः तेच करते. कानटोपीवरून मात्र शेवटपर्यंत तडजोड झाली नाही.

पाळणाघराचा निरोप औला नावाच्या ॲपवर येतो: जादा मोजे, पावसाचा पोशाख, बर्फाचा अंगभर पोशाख, प्रत्येकावर नाव घालून आणा. साडेचारनंतर न्यायला गेलात तर बहुतेक तुमचंच पोर उरलेलं असतं. साहेब स्वतः चारला सायकलला टांग मारून निघतात, त्यामुळे ऑफिसात कोणी भुवया उंचावत नाही. आठवड्याचे 37 तास, त्यात हे बसतं.

वाढदिवसाचं सांगतो. अनेक पाळणाघरांत वर्गच मुलाच्या घरी येतो. सकाळी दहाला पोरं पिवळी जॅकेटं घालून, दोरी धरून, सिटी बसने आमच्या दारात. फाटकापासून दारापर्यंत कागदी डॅनिश झेंडे लावायचे. इथे वाढदिवस आणि झेंडा वेगळा करता येत नाही, केकवरसुद्धा झेंडे. तासाभरात सगळं आटोपून, बूट घालून पसार. बूट घालायलाच त्यातली वीस मिनिटं गेली.

आल्बोर्ग

विद्यार्थी आहे. वसतिगृहात सामायिक स्वयंपाकघर, आठवड्यातून ठरावीक दिवशी सगळ्यांसाठी एकाने रांधायचं. माझ्या पाळीला पिठलं-भात. ठेचा वेगळा ठेवला होता, तरी एकाने चमचाभर घेतलाच. तो आता चांगला मित्र आहे.

सगळे म्हणतात डॅनिश आकडे भयंकर. 50 चा शब्द मुळात "अडीच वेळा वीस" असा आहे, 70 म्हणजे साडेतीन विसा, 90 म्हणजे साडेचार. वर्गातल्या स्पॅनिश मुलीने हात टेकले. आमच्या गावाकडे आजी अजून विसांनीच मोजते, मला काय त्याचं. शिवाय 54 म्हणताना आधी चार, मग पन्नास, म्हणजे सरळसरळ चोपन्नच. उच्चाराचं मात्र विचारू नका.

आणि पंचविसाव्या वाढदिवसाला तुम्ही अविवाहित असाल तर सावध. मला पोहण्याचा गॉगल देऊन दिव्याच्या खांबाशी उभं केलं, अंगावर पाणी ओतलं आणि वर दालचिनीची पूड. तिशीला मिरपूड असते. व्हिडिओ घरी पाठवला. आईचा पहिला प्रश्न: एवढी दालचिनी? किलोचा भाव काय आहे तिथे?

ओडेन्स

माझं सासर डॅनिश. सासऱ्यांना नुसत्या नावाने हाक मारायची, हे मला कित्येक महिने जमलं नाही. मी सरळ हाकच मारायची नाही, समोर जाऊन उभी राहायची. मुलगा झाल्यावर त्याच्या वतीने "फारफार", म्हणजे वडिलांचे वडील, असं म्हणायला लागले आणि प्रश्न मिटला.

त्यांचा मोठा सण 24 डिसेंबरची संध्याकाळ. डुकराचं किंवा बदकाचं भाजलेलं मांस, साखरेत परतलेले छोटे बटाटे, लाल कोबी. मग गोड: गार दूधभात, त्यात फेटलेलं क्रीम आणि बदामाचे तुकडे, वरून गरम चेरीचा रस. सगळ्या भांड्यात एकच अख्खा बदाम. ज्याला मिळेल त्याला बक्षीस, पण मिळाल्याचं लगेच सांगायचं नाही. गालात दडवून ठेवायचा आणि बाकीच्यांना खात राहू द्यायचं. आमच्या सासूबाई यात पटाईत. भांडं तळाला जाईपर्यंत त्यांच्या चेहऱ्यावरची रेष हलत नाही, मग रुमालात अलगद बदाम काढून ठेवतात.

त्यानंतर झाडावरच्या मेणबत्त्या पेटवतात. खऱ्या. झाडामागे पाण्याची बादली असते. सगळे हात धरून झाडाभोवती गात फिरतात, आणि शेवटच्या गाण्याला ती साखळी स्वयंपाकघरातून, जिन्यावरून, न्हाणीघराच्या दारावरून धावत येते. ऐंशीचे सासरेही धावतात. झाडावर कागदाची विणलेली लाल-पांढरी हृदयं टांगतात. अशातलं सर्वांत जुनं ज्ञात हृदय 1860 मधलं, आमच्या ओडेन्सच्याच हान्स क्रिस्टियन अँडरसनने केलेलं. ते विणायला सासूबाईंनी मला दुपारभर बसवलं होतं. जेवणाची तयारी करताना मला हात लावू देत नव्हत्या, पण हृदयं विणायला लावली, हे माझ्या लक्षात राहिलं.

रिंगकबिंग

थोडं वेगळं मत मांडतो, राग नसावा. वर सगळं गोड-गोड चाललंय. मी पश्चिम युटलंडच्या छोट्या गावात राहतो. वारा बारा महिने. डॉक्टरांना फोन करायची वेळ सकाळी ठरलेली, लागला तर लागला, आणि बहुतेक तक्रारींवर उत्तर एकच: गोळी घ्या, आराम करा, आठवड्याने बघू. कंपनीच्या नाताळच्या जेवणात न पिणाऱ्या माणसाला रात्री दहानंतर करण्यासारखं काही उरत नाही. नोव्हेंबरच्या पहिल्या शुक्रवारी रात्री 20:59 ला नाताळची बिअर बाजारात येते म्हणून गाव रस्त्यावर असतं. मी एकदा बघून आलो. पुरे.

पण यादीबद्दल धागाकर्तीशी सहमत. मला गावाने आत घेतलं ते बॅडमिंटनने. देशभर प्रत्येक खेळाची, छंदाची संस्था असते: अध्यक्ष, खजिनदार, वार्षिक सभा, हिशेब, सगळं रीतसर, आणि सगळे बिनपगारी. डेन्मार्कच्या व्हिक्टर अॅक्सेलसनने 2021 ला टोकियो आणि 2024 ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये बॅडमिंटनचं सुवर्ण जिंकलं, तेव्हा हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. जो शेजारी दुकानात नुसती मान हलवतो, तो दुहेरीच्या डावानंतर कॉफी पिताना मुलाच्या घटस्फोटाबद्दल बोलतो. दुसऱ्या दिवशी दुकानात परत मान. वार्षिक सभेत मला समितीवर घेतलं. माझ्याकडे कॉफी आणि शटलकॉकची खरेदी आहे.

रोस्किल्ड

छोटंसंच. मी परिचारिका आहे. डिसेंबरात सूर्य साडेआठनंतर उगवतो आणि चारच्या आत मावळतो, म्हणजे दिवसपाळी असेल तर तो दिसतच नाही. ड जीवनसत्त्व घ्या, दुपारी जेवणाच्या सुट्टीत दहा मिनिटं बाहेर पडा, आणि खिडकीला जून महिन्यासाठी जाड काळे पडदे आधीच लावून घ्या. जूनमध्ये रात्री दहालाही उजेड असतो, पोरं झोपत नाहीत.

आमार, कोपनहेगन

सणांबद्दल. फेब्रुवारीच्या आसपास फास्टेलावन येतो. मुलं सोंगं घेतात आणि टांगलेलं लाकडी पिंप दांडक्याने फोडतात, आतून गोळ्या-चॉकलेटं पडतात. पूर्वी आत मांजर असे. माझ्या मुलाने वर्गात दहीहंडीचा व्हिडिओ दाखवला. मनोरे बघून शिक्षिकेने विचारलं, हेल्मेट कुठे आहे? रास्त प्रश्न.

23 जूनच्या संध्याकाळी किनाऱ्यावर मोठी शेकोटी, भाषण, गाणं. शेकोटीवर जुन्या कपड्यांची चेटकीण ठेवून जाळतात. या देशात सोळाव्या-सतराव्या शतकात चेटूक केल्याच्या आरोपावरून खरोखर बायका जाळल्या गेल्या. बाहुलीची प्रथा बरीच नंतरची. ती ठेवावी की नाही यावर इथे दरवर्षी वाद होतो आणि मी "नको" म्हणणाऱ्यांत आहे. शेकोटीला मात्र जातो.

31 डिसेंबरला संध्याकाळी सहाला राजघराण्याचं भाषण टीव्हीवर, सगळे नटूनथटून बसलेले, आणि बाराच्या ठोक्याला खुर्चीवरून नव्या वर्षात उडी. 2023 च्या भाषणात राणी मार्गारेथेंनी पायउतार होत असल्याचं जाहीर केलं तेव्हा यजमानीणबाई हातात ग्लास घेऊन तशाच उभ्या राहिल्या. 14 जानेवारीला क्रिस्टियान्सबोर्गसमोर, म्हणजे संसद भरते त्या राजवाड्यासमोर, फ्रेडरिक दहावे राजे झाल्याची घोषणा झाली. मुलीला खांद्यावर घेऊन गर्दीत उभा होतो, शेजारच्या अनोळखी आजींनी तिला चॉकलेट दिलं. एरवी इथे अनोळखी माणूस बसमध्ये शेजारी बसणंसुद्धा टाळतो.

मुलीकडे आलेली आई, होल्बेक

मुलीच्या फोनवरून लिहिते आहे. मी उन्हाळ्यापुरती येते, त्यामुळे थंडीबद्दल बोलण्याचा मला अधिकार नाही. मला आवडली ती रस्त्याकडेची दुकानं. दुकान म्हणजे काय, एक फळकूट, त्यावर नवे बटाटे, स्ट्रॉबेरी, पाटीवर भाव. माणूस नाही. पैसे मोबाइलवरून पाठवायचे, नाहीतर डब्यात टाकायचे. माझ्याकडे इथलं मोबाइल-पेमेंट नाही म्हणून नाणी जमवून नेते. पहिल्यांदा पैसे टाकून मी जरा थांबले, कोणी बघेल म्हणून. कोणीच नव्हतं, एक गाय होती.

ते बटाटे नखाएवढ्या सालीचे, लोण्यासारखे शिजतात. इथले लोक मीठ, लोणी आणि शेपू घालून खातात. मी जिरं-हिंगाची फोडणी देऊन, कोथिंबीर पेरून, शेजारच्या बाईंकडे डबा पाठवला. दुसऱ्या दिवशी त्या स्वतः आल्या, खूप छान होतं म्हणाल्या, बागेतली फुलं बघायला ये म्हणाल्या. डबा धुऊन, पुसून, रिकामा परत दिला. मुलगी म्हणाली, आई, इथे तसंच देतात. बरं.