फेडच्या नियुक्तीवर सिनेटर कसे मत देतील, याचा अंदाज कशावरून बांधावा?

अंदाजपंचे:
अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हसाठी (फेड, म्हणजे तिथली मध्यवर्ती बँक) राष्ट्राध्यक्षांनी सुचवलेल्या नावावर कोणता सिनेटर कोणत्या बाजूने मत देईल, हे आधी सांगू शकेल असे एक संख्याशास्त्रीय प्रारूप मी तयार करत आहे. सुरुवात फेडचे तेव्हाचे अध्यक्ष बेन बर्नान्के यांच्या फेरनियुक्तीपासून केली आहे. २८ जानेवारी २०१० रोजी ती ७० विरुद्ध ३० मतांनी मंजूर झाली. अडचण अशी की, ५८ पैकी ४७ डेमोक्रॅट आणि ४० पैकी २२ रिपब्लिकन सदस्य त्यांच्या बाजूने होते, त्यामुळे केवळ पक्ष पाहिला तर प्रारूप प्रत्येकाच्या नावापुढे 'होकार' लिहून मोकळे होते. जुन्या मतदानांवरून काढलेला डावे-उजवेपणाचा गुणांक जोडला, तरी विरोधातले ३० जण नीट ओळखता येत नाहीत. आणखी कोणते घटक घ्यावेत?

कंसातला_वर्ग:
तुमचा गुणांक चुकीचा नाही, तो ज्या पद्धतीने वापरला आहे ती पद्धत या मतदानाला लागू पडत नाही. साधे लॉजिस्टिक रिग्रेशन (होकार की नकार, याची शक्यता काढणारी संख्याशास्त्रीय पद्धत) असे गृहीत धरते की, डावीकडून उजवीकडे जाताना होकाराची शक्यता एकतर सतत वाढते किंवा सतत घटते. येथे मात्र व्हरमाँटचे बर्नी सँडर्स आणि केंटकीचे जिम बनिंग, म्हणजे सभागृहाची दोन टोके, एकाच म्हणजे विरोधाच्या बाजूला होती. एकाचा राग वॉल स्ट्रीटला झुकते माप दिल्याबद्दल, तर दुसऱ्याचा सरकारी हस्तक्षेपाबद्दल. त्यामुळे गुणांकाचा वर्गही चल (प्रारूपात घेतलेला घटक) म्हणून घ्या, म्हणजे वक्राला मध्ये उंच आणि दोन्ही टोकांना खाली जाण्याची मुभा मिळेल.

दुसरा घटक म्हणजे १ ऑक्टोबर २००८ रोजीचे, ७०० अब्ज डॉलरच्या बँक बचाव योजनेवरील सिनेटमधले मतदान. ते ७४ विरुद्ध २५ असे झाले होते आणि बर्नान्के त्या योजनेच्या प्रमुख पुरस्कर्त्यांपैकी होते. अल फ्रँकन यांच्यासारख्या नंतर निवडून आलेल्या सदस्यांची ही नोंदच नाही, तेव्हा ती जागा सरासरीने भरू नका. तिसरा घटक निवडणुकीचा. १९ जानेवारी २०१० रोजी मॅसॅच्युसेट्सची जागा रिपब्लिकन स्कॉट ब्राऊन यांनी अनपेक्षितपणे जिंकली आणि त्याच आठवड्यात डेमोक्रॅट सिनेटर बार्बरा बॉक्सर व रस फाइनगोल्ड यांनी बर्नान्केंना विरोध जाहीर केला. दोघांनाही त्याच नोव्हेंबरमध्ये मतदारांपुढे जायचे होते, आणि रिपब्लिकनांपैकी त्याच वर्षी निवडणूक असलेले जॉन मॅकेनही विरोधातच गेले.

शंकासुर:
वरच्या प्रतिसादातील घटक मला मान्य आहेत, पण प्रत्येक मत स्वतंत्र आहे हे गृहीतक मान्य नाही. बर्नान्केंच्या वेळी चर्चा बंद करण्याच्या ठरावाला, म्हणजे क्लोचरला, ६० मते लागत होती. तो ७७ विरुद्ध २३ असा मंजूर झाला आणि त्याच दिवशी अंतिम मतदानात होकार ७० वर आले. निदान सात जणांनी नियुक्तीचा मार्ग मोकळा करून दिला आणि मग विरोधाची नोंद केली. नाव मंजूर होणारच हे एकदा कळले की 'नाही' म्हणायला काही खर्च येत नाही. म्हणून दोन्ही मतदानांसाठी वेगवेगळी प्रारूपे करा. मात्र नोव्हेंबर २०१३ पासून अशा नियुक्त्यांच्या क्लोचरलाही साधे बहुमत पुरते, त्यामुळे आधीचे आणि नंतरचे आकडे एकत्र मिसळू नका.

१७ नोव्हेंबर २०२० रोजीचे, फेडच्या संचालक मंडळासाठी सुचवलेल्या ज्युडी शेल्टन यांचे उदाहरण तर मुळातून पाहण्यासारखे आहे. रिपब्लिकनांकडे ५३ जागा असूनही क्लोचर ४७ विरुद्ध ५० असे फसले. त्यांच्याच पक्षाचे रॉम्नी आणि कॉलिन्स विरोधात गेले. ग्रासली आणि रिक स्कॉट कोविडमुळे विलगीकरणात होते. विरोध जाहीर केलेले अलेक्झांडर गैरहजर होते. आणि बहुमतातील पक्षाचे नेते मॅकॉनेल यांनी ऐनवेळी आपले मत 'नाही' असे बदलले, कारण हरलेल्या बाजूने मत दिलेल्या सदस्याला फेरविचाराचा प्रस्ताव मांडता येत नाही. तुमचे प्रारूप मॅकॉनेल यांना विरोधक समजेल.

शिवाय हरण्याची चिन्हे दिसली की नावे बहुधा मतदानापर्यंत पोहोचतच नाहीत. २०१३ मध्ये फेडच्या अध्यक्षपदासाठी चर्चेत असलेले लॅरी समर्स नामनिर्देशनाआधीच बाजूला झाले, तर मार्च २०२२ मध्ये डेमोक्रॅट सिनेटर मॅन्चिन यांचा विरोध जाहीर होताच सारा ब्लूम रॅस्किन यांनी माघार घेतली. तुमच्या तक्त्यात ही नावे नाहीत, म्हणजे विदा (डेटा) आधीच चाळणीतून आलेली आहे.

गॅलरीतून:
एवढेच जोडतो की, उमेदवार कोण आहे हेही चल म्हणून घ्यावेच लागेल. मे २०२२ मध्ये तीन दिवसांत तीन मतदाने झाली: लिसा कुक ५१ विरुद्ध ५० (उपराष्ट्राध्यक्षांच्या निर्णायक मतासह), फिलिप जेफरसन ९१ विरुद्ध ७, जेरोम पॉवेल ८० विरुद्ध १९. सभागृह तेच, राष्ट्राध्यक्ष तेच. सिनेटरांच्या गुणांकावरून हा फरक निघणे अशक्य आहे.

अंदाजपंचे:
आभारी आहे. वर्गाचे पद आणि वेगळे क्लोचर दोन्ही घेतो. पडताळणीसाठी जानेवारी २०१४ मधील जॅनेट येलेन यांच्या फेड अध्यक्षपदावरील नियुक्तीचे ५६ विरुद्ध २६ हे मतदान ठेवले आहे, पण त्यात १८ जण गैरहजर आहेत. त्यांना विरोधक धरावे का?

शंकासुर:
नाही, धरू नका. त्या दिवशी हिवाळी वादळामुळे अनेकांना वॉशिंग्टनला पोहोचता आले नव्हते आणि निकालाबद्दल शंकाही नव्हती. ती नोंद रिकामीच ठेवा. गैरहजेरीमागचे कारण तपासायचे ते शेल्टन यांच्यासारख्या अटीतटीच्या मतदानात.