रात्रीचं पाजणं आणि झोपेची सवय
रात्री अंगावर पाजणं बंद केल्याशिवाय बाळाला झोपेची सवय लागत नाही, असं काही जण म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. दूध तयार करणारं प्रोलॅक्टिन हे हार्मोन आईच्या शरीरात रात्री जास्त असतं. पहिल्या काही महिन्यांत रात्रीचं पाजणं तोडलं तर दूधच कमी होऊ शकतं. आणि एवढ्याशा पोटाला खरंच भूक लागते हो!

सहा महिन्यांनंतर, वजन नीट वाढत असेल तर, आधी फक्त क्रम बदला: पाजणं आधी, मग लंगोट, अंगाई, आणि डोळे जड झाले की जागं असतानाच खाली ठेवायचं. रात्रीचं पाजणं कमी करायचंच तर एकेक करून. एकदम थांबवलं की आईची छाती दुधानं दाटते, गाठी होतात, कधी तिला तापही येतो. बाळ मधेच उठलं तर बाबांनी थोपटावं. आजारपणात मात्र खुशाल पाजा.