व्हॅटिकन म्युझियम: आईला घेऊन गाइडेड टूर झेपेल का?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. मे महिन्यात रोमला जातोय. मी, बायको आणि ६८ वर्षांची आई. आईचे गुडघे कुरकुरतात, पण व्हॅटिकन म्युझियममधल्या सिस्टीन चॅपल या प्रार्थनाघराचं छत बघायचंच हा तिचा हट्ट. मायकेलअँजेलोने १५०८ ते १५१२ अशी चार वर्षं मान वर करून ते रंगवलं, मग मी दहा मिनिटं मान वर करू शकत नाही का, असं म्हणते. आता काय बोलणार!

तीन तासांची ग्रुप टूर बघून ठेवली आहे. भीती गर्दीची. नकाशांची गॅलरी म्हणे १२० मीटर लांब, तिथे लोंढ्याबरोबर पुढे सरकावंच लागतं. आई मध्येच बसली तर गाइड थांबतो का? गाइडचा आवाज ऐकवणाऱ्या कानातल्या यंत्राची रेंज गेली की माणूस हरवलाच, हेही ऐकलंय. राफाएलच्या 'स्कूल ऑफ अथेन्स' या भित्तिचित्रासमोर मला स्वतःला निवांत उभं राहायचंय, पण ते बहुधा विसरावं.

चॅपलमध्ये बोलायला आणि फोटोला बंदी, खांदे-गुडघे झाकलेले हवेत, एवढं माहीत आहे. आईची नऊवारी असल्याने तो प्रश्न नाही.

ज्येष्ठांना घेऊन गेलेल्यांनी सांगा: सकाळची पहिली वेळ बरी की दुपारची? व्हीलचेअर घेतली तर जिन्यांचं काय होतं? की टूर सोडून, नुसतं तिकीट काढून आपल्या चालीने फिरावं?