पुन्हा साथ आली तर आधी कुणाच्या दारात जायचं? प्रश्नावली तपासून हवी आहे

पंचगंगाकाठ:
आमच्या मंडळाला कोल्हापुरातल्या दोन पेठा आणि शिरोळ तालुक्यातलं एक गाव मिळून १२० घरांची पाहणी करायची आहे. कोरोनासारख्या साथीत नैराश्याचा धोका कुणाला जास्त, याची यादी हवी. उत्पन्न, रेशन कार्डाचा रंग, घरातली माणसं आणि शेवटी पीएचक्यू-९, म्हणजे नैराश्याच्या लक्षणांची नऊ प्रश्नांची यादी, असं ठरवलंय. काय राहिलं?

आकडेमोड:
गाठीला काय आहे, ते राहिलं. पगार कुणी खरा सांगत नाही, पण "काम आज बंद पडलं तर घर किती दिवस चालेल?" याला उत्तर मिळतं. अमेरिकेत २०२० च्या मार्चअखेर-एप्रिलमधल्या पाहणीत ५,००० डॉलरपेक्षा कमी बचत असलेल्यांत नैराश्याची लक्षणं जास्त दिसली होती. कार्डाच्या रंगावर जाऊ नका. पांढरं कार्ड असलेला, भाड्याच्या गाळ्यातला दुकानदार दोन महिन्यांत रिकामा होतो.

कर्जाला अख्खं पान द्या. कुणाचं, हप्ता किती, थकले किती. बँक, पतसंस्था, बचत गट, सावकार, पाहुण्यांकडची उसनवारी, सगळं वेगवेगळं लिहा. २०२० मध्ये १ मार्च ते ३१ ऑगस्ट बँकांना हप्ते पुढे ढकलायची मुभा होती, पण व्याज चालूच राहिलं. सावकाराला तर तो नियमच नव्हता. गटाच्या कर्जात एकीचा हप्ता चुकला की बाकीच्या दारात येतात. तिथं पैशाइतकीच लाज खाते.

आणि तारखा घ्या. काम आधी गेलं की झोप आधी उडाली? दोन्ही उलटसुलट होऊ शकतं, एकाच भेटीत कारण कळत नाही. शिरोळमध्ये २०१९ च्या पुराचं नुकसान वेगळं नोंदवा, नाहीतर ते २०२० च्या खात्यावर चढेल.

मनमोकळं:
पीएचक्यू-९ बद्दल. मागच्या २ आठवड्यांचंच विचारायचं. प्रत्येक प्रश्नाला ० ते ३, एकूण २७. १० किंवा जास्त आले तर डॉक्टरांकडे. हे निदान नव्हे, चाळणी आहे. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. तिथं १ जरी आला तरी बेरजेची वाट बघायची नाही, त्याच दिवशी त्या माणसाला गाठायचं. बेरीज ६ आहे म्हणून फॉर्म फाइलला लावला, ही नेहमीची चूक.

नुकताच आजार होऊन गेला असेल तर झोप, थकवा आणि भूक हे तीन प्रश्न त्यानंच वर जातात. अशा माणसाचे पहिले दोन प्रश्न, म्हणजे कशात रस न वाटणं आणि उदास वाटणं, वेगळे बघा. त्या दोघांची बेरीज ३ किंवा जास्त असेल तर पुढे तपासा.

"डिप्रेशन आहे का?" असं विचारू नका. "जीव कशात लागत नाही, डोकं जड असतं" असंच लोक बोलतात. सासू शेजारी बसली असेल तर सुनेचं उत्तर शून्य धरू नका, "विचारता आलं नाही" असं लिहा. घरातल्या मारहाणीचा प्रश्न तर एकटी असल्याशिवाय काढायचाच नाही.

पंचगंगाकाठ:
फोनवर चालेल?

मनमोकळं:
स्पीकरवर कोण ऐकतंय ते कळत नाही. आधी "आत्ता मोकळं बोलता येईल का?" हे हो-नाही मध्ये विचारा. ज्यांच्याकडे स्वतःचा फोन नाही, त्यांच्या घरी जाच. यादीत वर असायला हवीत ती बहुधा हीच माणसं. आणि पाहणीआधी चिठ्ठीवर टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर छापून ठेवा, सगळ्या १२० घरांत द्या. निवडक घरांत दिली तर गल्लीत लगेच बोभाटा होतो.