हॅस्केलच्या मॅपमधून व्हॅल्यू काढताना आधी मेंबरने तपासायचं का?

प्रश्न:
हॅस्केल ही प्रोग्रामिंग भाषा शिकतोय. डेटा.मॅपमधे (key दिली की तिची व्हॅल्यू देणारी रचना) शब्द आणि त्यांची मोजणी ठेवलीये, म्हणजे की (key) स्ट्रिंग, व्हॅल्यू इंट. व्हॅल्यू काढायला उद्गारचिन्हवाला (!) ऑपरेटर वापरला आणि की नसली की प्रोग्राम एरर देऊन बंद पडतो म्हणून मी आधी मेंबरने (की आहे का एवढंच ट्रू/फॉल्समधे सांगणारं फंक्शन) बघतो, ट्रू आलं तरच व्हॅल्यू काढतो. चालतंय नीट. लुकअप वापरलं तर मेबी येतं (की सापडली तर जस्ट आणि आत व्हॅल्यू, नाही तर नथिंग) आणि मग जागोजागी जस्ट-नथिंग सोडवत बसा. आहे तसंच ठेवू का?

उत्तर:
नका ठेवू. एक तर मॅपच्या आत बॅलन्स्ड बायनरी ट्री आहे, 10 लाख की असतील तर विसेक तुलना होतात आणि तुम्ही त्या दोनदा करताय. पण वेळेचं सोडा, मेंबरच्या ट्रूमधून कंपायलरला काहीच कळत नाही हे जास्त वाईट, उद्या कोणी तपासलं एका मॅपमधे नि काढलं दुसऱ्यातून तरी कोड बिनतक्रार कंपाइल होणार आणि चालताना पडणार. लुकअपमधे जस्टच्या फांदीत आलात की व्हॅल्यू हातात असतेच.
आणि तुमच्या केसमधे मेबी सोडवायचंही काम नाही, शब्द नाही म्हणजे मोजणी 0, सरळ फाइंड-विथ-डिफॉल्ट 0 लावा, की नसली तर ते 0 देतं. मोजणी वाढवायला इन्सर्ट-विथ (की नसली तर घालतं, असली तर जुन्या व्हॅल्यूत मिळवतं), तिथे तर आधी शोधायचंच नाही.

दुसरं उत्तर:
बरोबर, फक्त डिफॉल्ट सरसकट लावू नका. मोजणीत 0 खरंच योग्य उत्तर आहे, पण खातंच नाही आणि खात्यात 0 आहेत ह्या दोन वेगळ्या गोष्टी. एलिक्सर भाषेमधे हे फार बोचतं, मॅप.गेट की नसली तरी निल (काहीच नाही) देतं आणि व्हॅल्यूच निल असली तरी निल, म्हणून तिथे मी मॅप.फेच घेतो, ते की नसणं वेगळं सांगतं. हॅस्केलचं लुकअप इथे पक्कं आहे, की नाही तर नथिंग, की आहे पण आतली व्हॅल्यू नथिंग तर जस्ट नथिंग.

प्रश्नकर्ता:
लावलं, सगळे इफ-एल्स गेले, थँक्स! पण दुसरीकडे नावावरून आयडी आणि आयडीवरून ईमेल असे दोन मॅप आहेत, तिथे जस्ट-नथिंग सोडवायला केसच्या आत केस होतंय.

उत्तर:
डू ब्लॉक लावा, मेबी मोनॅडच आहे, म्हणजे अशा पायऱ्या एकापुढे एक जोडता येतात. पहिल्या ओळीत लुकअपने आयडी काढा, दुसरीत त्याच आयडीने ईमेल, मधे कुठेही नथिंग आलं की पूर्ण उत्तर नथिंग. लुकअपला की आधी आणि मॅप नंतर, उद्गारचिन्हाला उलटं, बदलताना तेवढं बघा. नक्की कुठल्या पायरीला अडलं हे हवं असेल तर मात्र मेबीऐवजी ईदर घ्या, त्यात अडल्याचं कारणही ठेवता येतं.