प्रतिसाद: थेंब आधी की प्रेशर आधी?

ऐरोलीच्या काकांच्या डोळ्याला हर्पीसची सूज: एकच डोळा लाल, दिव्याभोवती रंगीत वलयं, डोळ्यातलं प्रेशर ३८, म्हणजे बरंच जास्त. त्यावर वर सल्ला आलाय, 'स्टेरॉइड थेंबांमुळेच वाढलं, बंद करा.' अहो, थांबा! स्टेरॉइडने प्रेशर चढायला सहसा २-३ आठवडे लागतात. इथे थेंब सुरू व्हायच्या आधीच ३८ होतं. हर्पीसच्या विषाणूने डोळ्यातलं पाणी निचरा करणारी जाळीच सुजते, पाणी तुंबतं. सूज उतरली की प्रेशर बहुतेकदा आपोआप खाली येतं, म्हणून तर स्टेरॉइड देतात. एकदम तोडलं की सूज उलटते. सोबत विषाणूविरोधी असायक्लोविरची गोळी हवी, सहसा ४०० मिग्रॅ दिवसातून ५ वेळा. प्रेशर उतरवायला टिमोलॉलचे थेंब चालतात. पण ते दम्यात चालत नाहीत, म्हणून काकांना दमा असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. आणि जुनी चिठ्ठी दाखवून स्टेशनबाहेरच्या केमिस्टकडून परस्पर थेंब आणणं तेवढं बंद करा.